लोकर घरी पिंजायची की गिरणीत द्यायची?

अमेरिकेत नव्याने वसलेल्या शेतकरी कुटुंबांना मेंढीची लोकर कातरून, धुऊन झाली की खरा प्रश्न पडे तो पिंजण्याचा.

घरी पिंजायचं तर तारेच्या बारीक दातांच्या दोन फण्या पुरत. लोकरीला थोडी चरबी चोळायची, एका फणीवरून दुसरी ओढत राहायचं आणि वीतभर लांबीचे पेळू, म्हणजे सूत कातण्यासाठी पिंजलेल्या लोकरीच्या सैल वळ्या, वळायचे. पैसा लागत नसे, पण मुलाबाळांसकट सगळ्यांच्या कित्येक संध्याकाळी त्यात जात. शिवाय पेळू आखूड, म्हणून कातताना सतत सांधे जोडावे लागत.

इंग्लंडहून आलेल्या आर्थर स्कोफील्डने 1801 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला यंत्रावर लोकर पिंजून द्यायला सुरुवात केली. पुढे ओढ्याकाठी अशा पाणचक्कीवरच्या गिरण्या ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. लोकर घोड्यावर लादून न्यायची, मजुरी पैशात किंवा मालाच्या रूपात द्यायची. पेळू लांब आणि एकसारखे मिळत. मोठ्या चरख्यापुढे दिवसभर मागेपुढे चालत कातणाऱ्या बाईला हे फार मोठं सुख होतं.

गिरणी जवळ असती, तर मी लोकर तिकडेच दिली असती. कातणं, विणणं तरीही घरीच उरत होतं. दूर रानात राहणाऱ्यांना मात्र फण्यांशिवाय इलाज नव्हता.