भुतं गाडणारा वस्ताद आणि पेंडलच्या बायका

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. जोसेफ डिलेनीच्या 'स्पूक' मालिकेत तेरा पुस्तकं आहेत. त्यातली पहिली चार विकत घ्या, पुढची कुणाकडून तरी मागून वाचा. आणि चौथं वाचताना माझं डोकं का फिरलं, तेही ऐकून घ्या.

मी शिरोली एमआयडीसीत टर्नर आहे. इंग्रजी वाचायचा नाद भाचीनं लावला. "मामा, हे वाच, सोपं आहे, माझ्या वर्गातल्या पोरीपण वाचतात," म्हणून तिनं पहिलं पुस्तक हातात ठेवलं. मागच्या कव्हरवर इशारा छापलाय, अंधार पडल्यावर वाचू नये. माझी तेव्हा नाईट चालू होती. म्हणजे वाचायचं कधी, सांगा.

पुस्तक खरंच सोपं आहे. वाक्यं छोटी, गोष्ट मुलगा स्वतः सांगतो, डिक्शनरी क्वचित उघडावी लागते. इंग्रजी वाचायला भीती वाटते अशा कुणालाही हे बिनधास्त द्या. पण सोपं म्हणजे गुळगुळीत नव्हे. मुलांच्या पुस्तकात एवढं रक्त, एवढी हाडं मी आधी वाचली नव्हती.

गोष्ट इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातली. पुस्तकात त्याला नुसतं 'काउंटी' म्हणतात. टॉम वॉर्ड हा शेतकऱ्याचा सातवा मुलगा, आणि त्याचा बापही सातवाच. शेत थोरल्या भावाला, मधल्यांना एकेक धंदा, सातव्यापर्यंत येईस्तोवर वाटायला काहीच उरलेलं नाही. पण सातव्याच्या सातव्याला इतरांना न दिसणारं दिसतं, असा तिकडचा जुना समज आहे. त्यात टॉम डावखुरा, तेही या कामाला लागतं. म्हणून आई त्याला जॉन ग्रेगरी नावाच्या स्पूकच्या हाताखाली पाठवते. स्पूक म्हणजे गावोगाव फिरून भुतं, चेटकिणी, बॉगर्ट यांचा बंदोबस्त करणारा माणूस. लांब झगा, हातात रोवन लाकडाची काठी, पिशवीत चांदीची साखळी. पिशवी उचलायची शागिर्दानं.

मला या मालिकेनं धरून ठेवलं ते इथंच. दुसऱ्या कुठल्याही जादूच्या पुस्तकात मुलाला निवडलेला म्हणून डोक्यावर घेतात. इथं त्याला खड्डे खणायला लावतात. आधी एक रात्र होर्शॉ गावातल्या भुताटकीच्या घरात एकट्यानं काढायची, तळघरातून खणण्याचा आवाज येत असताना मध्यरात्री खाली उतरायचं. त्यात टिकला तर शिक्षण सुरू. मग रोज बागेत खड्डा खणणं, खांबावर साखळी फेकणं, वहीत लिहून घेणं. तालमीत नव्या पोराला वस्ताद आधी नुसती माती उकरायला लावतो, डावाचं नाव महिनोन्‌महिने काढत नाही. ग्रेगरीचं तंत्र तसंच आहे. तो कौतुक करत नाही, पोटभर खाऊ देत नाही, आणि पोरगा मरायला टेकला की सगळ्यांच्या आधी पोचतो. मी मनात त्याला वस्तादच म्हणायला लागलो.

बॉगर्टबद्दल थोडं सांगायला हवं. घराला, शेताला, रस्त्याच्या वळणाला चिकटून बसलेलं हे तिकडचं उपद्रवी भूत. कुणी दारं ठोठावतो, कुणी दगड फेकतो, कुणी गुरांचं रक्त पितो. लेखक प्रेस्टनचा, पुढं स्टॅलमिन नावाच्या खेड्यात राहायला गेला, आणि त्या खेड्याची स्वतःची बॉगर्टची दंतकथा आहे. म्हणजे माणूस घरच्याच भुतांवर लिहीत होता. स्पूकच्या घरातही एक बॉगर्ट आहे, तो स्वयंपाक करतो. सकाळी घंटा वाजायच्या आत टॉम खाली उतरतो तर कानाखाली बसते. न्याहारी चांगली झाली तर तसं मोठ्यानं बोलून दाखवायचं, हाही शिक्षणाचाच भाग.

बॉगर्ट गाडायची पद्धत जशी लिहिलीय ती मी दोनदा वाचली. झाडाजवळ खोल खड्डा खणायचा. हाडांच्या सरसात मीठ आणि लोखंडाचा चुरा कालवून तो लेप खड्ड्याच्या आतून सगळीकडं लावायचा, बोटभर जागा सुटली तरी तो तिथनं निसटणार. वर झाकायला गवंड्यानं घडवलेली शिळा, तिच्याही खालच्या बाजूला लेप. शिळा साखळ्यांनी झाडाच्या फांदीला टांगायची. खाली रक्ताचं ताट आमिष म्हणून सोडायचं. बॉगर्ट रक्ताला उतरला की शिळा खाली घ्यायची, आणि ती पहिल्याच फटक्यात बरोब्बर बसली पाहिजे. दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला वस्ताद आजारी पडलेला असतो आणि हे सगळं टॉमला एकट्याला निभवावं लागतं. समोर साधा बॉगर्ट नाही, माणूस मारणारा रिपर. ती पानं वाचताना माझा चहा गार झाला. आमच्या तात्यांना, म्हणजे शेजारच्या मशिनवरच्या जुन्या ऑपरेटरना, जेवणाच्या सुट्टीत हे सांगितलं. त्यांनी भूतबीत काही विचारलं नाही. "चेन पुली किती टनाची लावली रं?" एवढंच विचारलं. पुस्तकाचं याहून मोठं कौतुक मला करता येणार नाही.

आणखी एक टर्नरच्या नजरेला पडलेली गोष्ट. चेटकिणीवर फेकायला टॉम एका खिशात मीठ ठेवतो, दुसऱ्यात लोखंडाचा चुरा. फेकताना हवेत मिसळतात. एकाच खिशात ठेवले असते तर तिकडच्या पावसात चार दिवसांत गंजून ढेकूळ झालं असतं. ही अक्कल बऱ्याच लेखकांना नसते.

पाऊस, धुकं, चिखल मात्र भरपूर आहे. आषाढात गगनबावड्याच्या वाटेनं गेलेल्या माणसाला काउंटी परकी वाटणार नाही. नकाशा जवळजवळ खराच आहे. चिपिंगचं चिपेंडन केलंय, प्रेस्टनचं प्रीस्टाऊन, अँग्लेझार्कचा माळ आणि पेंडलचा डोंगर नावासकट तसेच ठेवलेत. पेंडल ५५७ मीटर आहे. आपला पन्हाळा बघितलेल्याला उंचीचं काही वाटू नये, पण पुस्तकात तो डोंगर फार जड बसतो.

लोकांची वागणूक लेखकानं फार ओळखून लिहिलीय. स्पूक रस्त्यानं चालला की माणसं पलीकडच्या बाजूला जातात. काम पडलं की दार वाजवतात, काम झालं की पैसे पुढच्या सुगीला. टॉमची वहिनी त्याला मायेनं जेवू घालते, पण अंधार पडल्यावर घरात थांबू देत नाही, तान्ह्या पोरीची भीती. आपल्याकडं देवऋष्याला अशीच वागणूक मिळते. रात्री बोलवायचं, सकाळी ओळख द्यायची नाही.

तिसरं पुस्तक मला सगळ्यांत जास्त आवडलं. हिवाळ्यात वस्ताद अँग्लेझार्कच्या घरी राहायला जातो. तिथं मेग नावाची बाई आहे. ती लामिया, म्हणजे चेटकिणीचाच एक प्रकार, आणि वस्तादाचं तिच्यावर प्रेम. तिला तो काढा पाजून, सगळं विसरायला लावून ठेवतो. शागिर्दाला इतके नियम शिकवणारा माणूस स्वतःच्या घरात हे करतो. टॉमसारखाच माझाही त्याच्यावरचा विश्वास तिथं हलला. लेखक वस्तादाची बाजू घेत नाही, फार झोडपतही नाही, हे मला पटलं.

आता चेटकिणी. पहिल्या पुस्तकात ॲलिस भेटते. टोकदार बुटांची, चेटकिणींच्या घरात वाढलेली पोरगी. टोकदार बूट घालणाऱ्या पोरीवर भरवसा ठेवू नको, असं वस्ताद बजावतो, आणि टॉम ठेवतो. तेराच्या तेरा पुस्तकं या एका गोष्टीवर उभी आहेत. ॲलिस चांगली की वाईट, हे तिचं तिलाच ठाऊक नाही. टॉमपेक्षा ती जास्त जिवंत वाटते. बाराव्या पुस्तकात ती स्वतः बोलते. ते मागून आणून का होईना, वाचाच.

वस्ताद टॉमला चेटकिणींचे चार प्रकार शिकवतो. दुष्ट, भल्या, खोटा आळ आलेल्या, आणि आपल्या अंगात काय आहे हे माहीतच नसलेल्या. तिसरा प्रकार ऐकला आणि मी सरसावून बसलो. दुसऱ्या पुस्तकात लेखक तो खरा करून दाखवतो. प्रीस्टाऊनला क्विझिटर, म्हणजे चेटकिणी हुडकत फिरणारा अधिकारी, येतो, चेटकीण म्हणून बायकांना धरतो, जाळायला नेतो, आणि त्यांची घरंदारं स्वतःच्या घशात घालतो. धरलेल्यांत बहुतेक बिचाऱ्या निरपराध. हे लिहिणाऱ्याला सगळं कळलेलं आहे, असं वाटलं.

आणि मग चौथ्यात तो आपल्याला खुद्द पेंडलला नेतो. तिथं तीन घराणी, मॅल्किन, डीन आणि मोल्डहील. सगळ्या खरोखरच्या चेटकिणी, हाडं गोळा करणाऱ्या, रक्त वापरणाऱ्या, सैतानाला बोलवायला जमलेल्या. मॅल्किन टॉवरमध्ये टॉमच्या भावाला, वहिनीला आणि तान्ह्या पुतणीला कोंडून ठेवलंय. गोष्ट म्हणून जबरदस्त. पुस्तक हातातून सुटत नाही.

पण पेंडलला खरं काय झालं ते मी नंतर वाचलं. १८ मार्च १६१२ ला ॲलिझन डिव्हाइस नावाच्या गरीब पोरीनं कोल्नजवळच्या रस्त्यावर एका फेरीवाल्याकडं टाचण्या मागितल्या. त्यानं दिल्या नाहीत. थोड्या वेळानं तो कोसळला, एक अंग लुळं पडलं. आज आपण त्याला लकवा म्हणू आणि कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात नेऊ. ॲलिझनला स्वतःलाही वाटलं की आपल्याच मुळं झालं, तिनं तसं कबूल केलं. मग तिची आजी, आई, भाऊ, शेजारपाजारचे, सगळे ओढले गेले. आजी आंधळी, म्हातारी, ती खटल्याआधीच तुरुंगात मेली. आईविरुद्ध साक्ष दिली ती ॲलिझनच्या धाकट्या बहिणीनं, सुमारे नऊ वर्षांची पोर. २० ऑगस्टला लँकेस्टरला दहा जणांना फाशी दिलं, आठ बायका आणि दोन पुरुष. मॅल्किन टॉवर हे त्या आंधळ्या आजीच्या घराचं नाव. थॉमस पॉट्स नावाच्या कोर्टाच्या कारकुनानं १६१३ साली सगळी हकीकत छापली, म्हणून आज ती कळते.

म्हणजे तिसऱ्या प्रकारच्या बायका जिथं खरोखर होत्या, नेमकं तिथं आल्यावर लेखकाला पहिला प्रकारच दिसला. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे. जागा खरी, डोंगर खरा, घराचं नाव खरं, आणि बायकांवरचा आळही खरा करून टाकला.

भाची म्हणते, "मामा, ती फँटसी आहे, कशाला एवढं मनावर घेतोस?" तिचं बरोबर असेल. पण माझं आजोळ राधानगरीच्या वरच्या अंगाला. तिथं एक एकटी म्हातारी होती. कुणाची म्हस आटली की तिचं नाव निघायचं. "तिच्या दारावरनं जाऊ नगंस, नदर लागती," असं आम्हा पोरांना सांगायचे. ती ताक मागायला आमच्या परड्यात यायची. आजी तांब्या भरून द्यायची, "ये गं, बस घटकाभर" असंही म्हणायची. आणि म्हातारी पाठमोरी झाली की आजी आत जाऊन चुलीत मीठ-मोहऱ्या टाकायची. तडतड आवाज व्हायचा. तो त्या म्हातारीला ऐकू जात असणार, परडं काही लांब नव्हतं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. तोवर ती म्हातारी कधीच गेली होती.

तरीही चौथं पुस्तक घ्या म्हणतो, कारण ग्रिमाल्किन त्यात पहिल्यांदा येते. मॅल्किनांची मारेकरीण, कमरेला कात्री, मारलेल्याच्या अंगठ्याची हाडं कापून घ्यायला. नववं पुस्तक तर तिच्याच तोंडून आहे. तेवढं सोडलं तर पाचव्यापासून गाडी घसरते. सहाव्यात ग्रीस, सातव्यात मोना बेट, आठव्यात आयर्लंड. काउंटी सुटली की वस्तादाला काम उरत नाही, नुसती सैतानाशी लढाई चालू राहते. दहाव्यात तर रोमानियाच्या चेटकिणी येतात. खड्डा, सरस, शिळा कुठं गेली, असं झालं मला. लढाया कुणीही लिहील. शेवटचं, तेरावं, मी नेट लावून संपवलं.

या मालिकेवर 'सेव्हन्थ सन' नावाचा सिनेमाही निघाला, जेफ ब्रिजेस वस्ताद झालाय. टॉमला त्यात चांगला बाप्या करून टाकलाय. पोरगं लहान नसेल तर शिकायचं काय? बघितला नाहीत तरी चालेल.

घेणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट. या पुस्तकांची इंग्लंडमधली आणि अमेरिकेतली नावं वेगवेगळी आहेत. अमेरिकेत मालिकेचं नाव 'द लास्ट अप्रेंटिस', आणि पहिलं पुस्तक 'द स्पूक्स अप्रेंटिस' तिथं 'रिव्हेंज ऑफ द विच' म्हणून विकतात. त्यात गोंधळ असा की इंग्लंडमधल्या तेराव्याचं नाव 'द स्पूक्स रिव्हेंज'. पहिलं आणि शेवटचं दोन्ही 'रिव्हेंज'. त्यामुळं नाव बघून मागवू नका, पुस्तकावरचा क्रमांक बघा, आणि सगळी एकाच देशाची घ्या. मी जुन्या पुस्तकांचा संच मागवला, तर विक्रेत्यानं दोन्हीकडची मिसळून पाठवली. 'द स्पूक्स मिस्टेक' आणि 'रॅथ ऑफ द ब्लडआय' ही दोन वेगळी पुस्तकं म्हणून पैसे घेतले, दोन्ही पाचवंच. फोन केला तर म्हणतो, कव्हर वेगळं आहे की साहेब. तेव्हा पाचवं कुणाला हवं असेल तर सांगा, एक जादा पडलंय. सहावं मात्र मिळणार नाही, ते आलेलंच नव्हतं, मी भाचीच्या मैत्रिणीचं वाचलं.