उंची कारखान्याची, शॉक बिल्स्टीनचे: पुण्यातल्या ऑडी टीटीसाठी केलेली निवड

माझ्याकडे असलेली ऑडी टीटी दुसऱ्या पिढीतील, म्हणजे २००६ ते २०१४ या काळात उत्पादनात असलेल्या आवृत्तीतील आहे. ती माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या मालकाने तिला साधारण चार सेंटिमीटरने खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा लावलेल्या होत्या आणि शॉक, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मात्र मूळचेच, पुरते थकलेले होते. उभी असताना गाडी विलक्षण देखणी दिसे, परंतु कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांमधून मुख्य रस्त्याला लागेपर्यंतच ती खाली लागत असे आणि पौड रस्त्यावरच्या ड्रेनेजच्या झाकणांवर असा धक्का देत असे की स्टिअरिंग हातात थरथरत राही. गाडीची उंची किती ठेवावी आणि शॉक कोणते घ्यावेत, हे दोन निर्णय बहुतेक जण वेगवेगळे घेतात. ते एकाच वेळी आणि एकमेकांकडे पाहून घेतले पाहिजेत, असे माझे मत आहे. मी मूळ उंचीच्या स्प्रिंगा परत बसवल्या आणि त्यांच्या जोडीला बिल्स्टीन या जर्मन कंपनीचे बी६ शॉक घेतले. एक संपूर्ण पावसाळा त्यांच्यावर गाडी चालवल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

पर्याय पुष्कळ होते. बिल्स्टीनच्याच यादीत बी६ हा मूळ उंचीसाठी आहे, बी८ हा तसाच पण लांबीने आखूड असल्यामुळे खाली आणलेल्या गाडीसाठी आहे, बी१२ म्हणजे बी८ आणि आयबाख या कंपनीच्या स्प्रिंगा यांचा जुळवलेला संच, तर बी१४ आणि बी१६ हे आटे फिरवून उंची बदलता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक यांचे एकत्र संच असून त्यांपैकी बी१६मध्ये शॉकचा कडकपणाही बदलता येतो. कोनी कंपनीचे पिवळे स्पोर्ट शॉक हाही चांगला पर्याय होता, कारण त्यांत रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळतानाचा रोध, कमीजास्त करता येतो. ज्यांच्या टीटीला कारखान्यातूनच मॅग्नेटिक राइड हे सस्पेन्शन आहे, त्यांनी मात्र हे लक्षात ठेवावे की त्या शॉकमधील द्रवाचा दाटपणा चुंबकीय क्षेत्राने बदलत असतो आणि त्यांच्या जागी साधे शॉक बसवल्यास डॅशबोर्डवर इशारा दिवा लागतो. माझी गाडी साध्या सस्पेन्शनची असल्याने ती अडचण नव्हती.

उंचीचा निर्णय घेताना मी अंदाजावर न जाता थोडे गणित केले, आणि ते इथे सविस्तर देण्यासारखे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत ताशी २५ किलोमीटर वेगासाठी जो गोलाकार गतिरोधक सांगितला आहे, त्याची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर आणि त्रिज्या १७ मीटर आहे. टीटीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २४६८ मिलिमीटर आहे. म्हणजे गाडीचा मध्य जेव्हा या गतिरोधकाच्या माथ्यावर येतो, तेव्हा चारही चाके गतिरोधकाच्या उतारावरच असतात आणि माथा चाकांच्या पातळीपेक्षा केवळ साडेचार सेंटिमीटरच्या आसपास वर राहतो. अशा गतिरोधकावर खाली आणलेली गाडीसुद्धा सहज पार होईल. आपल्या सोसायट्यांच्या दारात आणि वसाहतींच्या रस्त्यांवर मात्र डांबराचे जे अरुंद उंचवटे घातलेले असतात, त्यांच्यावर चाके दोन्ही बाजूंना सपाट रस्त्यावर असतात आणि उंचवटा संपूर्ण दहा सेंटिमीटरने पोटाखाली येतो. पुण्यात गाडी खाली लागते ती बहुतांश इथेच, आणि चार सेंटिमीटर वर असणे किंवा नसणे याने इथेच सगळा फरक पडतो.

परंतु उभ्या गाडीची उंची ही अर्धीच गोष्ट आहे. उंचवट्यावरून पुढची चाके खाली उतरतात तेव्हा गाडीचे नाक झुकते, स्प्रिंग दबते आणि नेमक्या त्याच क्षणी पोट रस्त्याच्या सर्वांत जवळ येते. ते किती खाली जाईल हे शॉक ठरवतो. थकलेला शॉक ही घसरण रोखू शकत नाही, शिवाय गाडी पुन्हा वर उसळून दुसऱ्यांदा दबते, आणि मागची चाके उंचवट्यावर चढत असताना ती दुसरी दाब पडली तर मधला भाग घासतो. म्हणून चांगला शॉक म्हणजे जमिनीपासूनचे थोडेसे जास्तीचे अंतरच आहे, असे मी म्हणेन. गाडी खाली आणल्याने दुसरे नुकसान होते ते शॉकच्या प्रवासाचे. चार सेंटिमीटर खाली आणलेल्या गाडीत दबण्यासाठी असलेली जागा तेवढीच कमी होते, मग खड्ड्यात शॉकला काम करायला वाव मिळण्याआधीच बंप स्टॉप, म्हणजे दबण्याच्या शेवटी असलेला रबरी अडथळा, लागतो, आणि आपण ज्याला कडक सस्पेन्शन समजतो तो पुष्कळदा या रबराचाच धक्का असतो.

वळणांवरही खाली बसवलेली गाडी नेहमी उत्तमच वागते असे नाही. टीटीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक यांचा एकच उभा खांब, आहे. गाडी खाली आली की खालच्या आर्मचे, म्हणजे चाक आणि गाडीचा सांगाडा जोडणाऱ्या दांड्याचे, चाकाकडील टोक वर उचलले जाते, आणि आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे गेला की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकते. त्या दोहोंमधील अंतर वाढल्यामुळे गाडी झुकण्याचा जोर वाढतो, आणि मग तो रोखण्यासाठी आणखी कडक स्प्रिंग लागते. स्प्रिंग कडक केली की शॉकचा रोधही वाढवावा लागतो, मात्र तो स्प्रिंगच्या प्रमाणात नव्हे तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात: स्प्रिंग तीस टक्के कडक केली तर रोध सुमारे चौदा टक्के वाढवणे पुरे. कडक स्प्रिंगा आणि थकलेले मूळ शॉक ही माझ्या गाडीतील जोडी या हिशेबाने मुळातच विजोड होती.

बसवण्याचे काम वारजे परिसरातील एका लहान गॅरेजमध्ये करून घेतले, आणि तेथील कारागिरांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. टीटीचा पाया गोल्फ आणि ए३ यांच्या कुळातला आहे आणि त्या कुळात पुढच्या स्ट्रटचे ५० आणि ५५ मिलिमीटर असे दोन व्यास आढळतात. त्यामुळे शॉक मागवण्यापूर्वीच त्यांनी कॅलिपर लावून माझ्या गाडीचा व्यास मोजला. पुढचा स्ट्रट नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या धातूच्या भागात, घट्ट पकडलेला असतो. तिथे हातोडी न चालवता त्यांनी फट रुंदावणारे हत्यार वापरले, आणि ताणून बसणारे बोल्ट पुन्हा न वापरता नवे घातले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढची आहे: आर्मच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीचे, बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना त्यांनी नुसते अडकवून ठेवले आणि गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच आवळले. लटकत्या अवस्थेत आवळलेला बुश पिळलेल्याच स्थितीत धरून राहतो, गाडी काही काळ उगाचच उंच दिसते आणि बुश लवकर फाटतो. यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी ही काळजी न घेतल्याचे परिणाम मी पाहिले असल्याने, हे काम शांतपणे आणि क्रमाने होताना पाहून फार समाधान वाटले. उंची त्यांनी जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजली, कारण टायरची झीज आणि हवा यांचा त्या मापावर परिणाम होत नाही. शेवटी अलाइनमेंट केले आणि झेनॉन दिव्यांच्या पातळीचा सेन्सरही नव्या उंचीनुसार जुळवला. ही शेवटची पायरी कोणी वगळू नये, कारण उंची बदलली की दिव्यांचा झोतही बदलतो.

बी६ हा एकनळी, म्हणजे मोनोट्यूब शॉक आहे. त्यात तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरता पिस्टन असतो, त्यामुळे सलग खड्ड्यांतही तेलाचा फेस होत नाही. शिवाय तेलाची नळी थेट हवेच्या संपर्कात असल्याने उष्णता लवकर निघून जाते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये बिल्स्टीन हा शॉक उलटा बसवते, ज्यामुळे वळणावरचा आडवा जोर बारीक दांड्याऐवजी जाड नळीवर येतो. ही रचना नवी नाही. १९५७ पासून मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांना बिल्स्टीनने असे शॉक पुरवले आहेत.

चालवताना पहिली जाणीव होते ती संथ वेगात. वायूच्या दाबामुळे असे शॉक मुळातच थोडे ताठ असतात, त्यामुळे पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर बारीक खडबड अंगापर्यंत पोहोचते, आणि ज्यांना मऊ बैठक हवी आहे त्यांना ती आवडणार नाही. पण खड्डा जितका मोठा, तितका या शॉकचा गुण अधिक कळतो: एक भरीव, दबका आवाज येतो, गाडी एकदाच खालीवर होते आणि विषय तिथेच संपतो. द्रुतगती महामार्गाच्या काँक्रीटच्या सांध्यांवर पूर्वी जी एकसारखी डुगडुग जाणवे, ती जवळजवळ गेली आहे. ताम्हिणी घाटात, जिथे पावसाने डांबराच्या कडा खाल्लेल्या आहेत, तिथे हा संच सर्वाधिक भावला, कारण वळणाच्या मध्यावर खड्डा आला तरी चाक रस्ता सोडत नाही आणि गाडी आखलेल्या रेषेवरून ढळत नाही. गाडी किंचित झुकते हे खरे आहे, पण ती हळूहळू आणि अंदाज येईल अशी झुकते, आणि घाटात चालकाला नेमके तेच हवे असते.

दबण्याचा प्रवास किती वापरला जातो हे पाहण्यासाठी मागच्या शॉकचे रबरी आवरण वर सरकवून दांड्यावर एक केबल टाय सैलसर बांधली होती. सिंहगडावर दोन माणसे आणि सामान घेऊन जाऊन आल्यावर पाहिले, तर ती बंप स्टॉपला भिडलेली नव्हती. जुन्या स्प्रिंगांवर हीच तपासणी केली तेव्हा ती पार वर जाऊन बसली होती.

इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास सर्किटसारख्या सपाट ट्रॅकवर ज्यांची गाडी नियमित धावते, त्यांच्यासाठी बी१६सारखा संच योग्य ठरेल, कारण तिथे उंची आणि कडकपणा बदलत राहण्याचा खरा उपयोग आहे. ज्यांना खाली बसलेल्या गाडीचे रूप सोडवतच नाही, त्यांनी निदान बी१२सारखा जुळवलेला संच घ्यावा आणि नुसत्या स्प्रिंगा मूळ शॉकवर चढवू नयेत. रोज पुण्यात चालणाऱ्या आणि शनिवारी-रविवारी घाटात जाणाऱ्या टीटीसाठी मात्र मी मूळ उंची आणि बी६ हीच जोडी सुचवेन. मागवताना वरचे माउंट, बेअरिंग आणि बंप स्टॉप हेही नवेच मागवावेत, कारण ते बदलण्यासाठी नंतर सगळे पुन्हा उघडावे लागते आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते.