वैमानिक ते वित्तप्रमुख: एक वर्षाचा व्यवस्थापन अभ्यासक्रम की सी.ए.?

हवाई दलातून निवृत्त होणाऱ्या वैमानिकाला नागरी विमानसेवेची वाट ठाऊकच असते, त्यामुळे तिची चर्चा येथे करत नाही. विमान कंपनीऐवजी एखाद्या उद्योगाच्या वित्त विभागात शिरून पुढेमागे मुख्य वित्तीय अधिकारी व्हावे, असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेतून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेलेले आपल्या मराठवाड्यातले काही अधिकारी दरवर्षी निवृत्तीच्या उंबरठ्यावर येतात आणि त्यांची अडचण बहुधा एकच असते: अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स किंवा हैदराबादच्या आयएसबीसारखा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा, की चाळिशीत सी.ए.च्या परीक्षांना बसावे? मी दुसरी वाट धरली, हे आधीच सांगितलेले बरे.

व्यवस्थापनाच्या वाटेचे फायदे उघड आहेत. वर्षभरात माणूस पुन्हा पगारावर येतो, नोकरी मिळवून देणारी यंत्रणा संस्थेचीच असते आणि निरनिराळ्या उद्योगांतले सहाध्यायी पुढेही उपयोगी पडतात. शुल्क मात्र जबर आहे. माजी सैनिकांचे काम पाहणाऱ्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत निवृत्तीच्या सुमारास आयआयएममध्ये जो सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करता येतो, तो मी केला आणि ताळेबंद वाचण्याची गोडी मला तेथेच लागली; परंतु नोकरीच्या बाजारात त्याला एक वर्षाच्या अभ्यासक्रमाइतके वजन नाही, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतरच्या मुलाखतींत जे घडत गेले, त्यानेच माझा निर्णय केला. मी वित्त विभागासाठी अर्ज करत असे, समोरची माणसे अत्यंत आदराने बोलत, ईशान्येतल्या छोट्या धावपट्ट्यांवर एएन-३२ हे मालवाहू विमान कसे उतरवतात हे कुतूहलाने विचारत आणि चहा येईपर्यंत विषय हमखास तिकडेच वळे: "सर, तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस अ‍ॅडमिन आणि सिक्युरिटीला मिळाला तर आमची काळजीच मिटेल." कॅन्टीनचे कंत्राट, कामगारांच्या बसगाड्या, प्रवेशद्वारावरचे रखवालदार. या कामांना मी कमी लेखत नाही, पण ज्या दारातून आत जायचे त्याच्या शेजारचे दार प्रत्येक वेळी अदबीने उघडून दिले जावे, याचा अखेर वीट आला. नामांकित संस्थांतून एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या माझ्या काही सहकाऱ्यांनाही पुरवठा साखळी किंवा प्रशासन हीच खाती मिळाली. सर्वांचे असेच होते असे म्हणणार नाही. काही जण वित्त विभागात उत्तम स्थिरावले आहेत. मात्र सी.ए. झाल्यानंतर मला 'सिक्युरिटी बघाल का' असे पुन्हा कोणी विचारले नाही.

सी.ए.च्या वाटेत खरा कस आर्टिकलशिपचा, म्हणजे सी.ए.च्या हाताखालच्या सक्तीच्या उमेदवारीचा लागतो. आता तिची मुदत २ वर्षांची आहे, आमच्या वेळी ती ३ वर्षांची होती. विद्यावेतनात फार तर पेट्रोलचा खर्च निघतो आणि वयाने निम्म्या असलेल्या मुलांच्या शेजारी बसून खर्चाच्या व्हाउचरवर तपासल्याच्या खुणा कराव्या लागतात. परंतु हे काम वैमानिकाला परके वाटत नाही. परभणीकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, आम्ही साठा तपासायला गेलो होतो. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये गाठींचा आकडा होता आणि शेडमध्ये थप्प्या तर छतापर्यंत होत्या. बाहेरची रांग मोजून गुणाकार करणे सोपे होते, पण आतली थप्पी दिसत नव्हती. मी ती काढायला लावली. आत काही जागा रिकामी निघाली. एक गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे फरक किरकोळ नव्हता आणि बँकेकडून किती कर्ज उचलता येईल याची मर्यादा त्याच साठ्यावर ठरत होती. उड्डाणापूर्वी इंधनाचा काटा आणि टँकरची पावती यांचा मेळ बसल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, ही सवय तेथे आयती कामी आली. वर्गात बसून ही नजर आली नसती, असे मला तरी वाटते.

कायद्याची बाजू पाहता, २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम २०३ नुसार सूचिबद्ध कंपनीला पूर्णवेळ मुख्य वित्तीय अधिकारी नेमावाच लागतो. मात्र तो सी.ए.च असावा, असे बंधन नाही. त्याची पात्रता, अनुभव आणि पार्श्वभूमी पाहून लेखापरीक्षण समिती नेमणुकीला मंजुरी देते. म्हणजे व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्यालाही ते पद बंद नाही. तरीही वित्तीय विवरणपत्रांवर ज्याची सही होणार, त्याने खतावणीपासूनचे काम हाताने केलेले असावे, अशी अपेक्षा निदान वाळूज-शेंद्र्याच्या मध्यम उद्योगांत तरी मला जाणवली आहे.

एका बाबतीत मात्र माझा कल गुंडाळून ठेवावा लागतो, तो म्हणजे निवृत्तिवेतन. २० वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झालेल्या अधिकाऱ्याला ते मिळते, त्यामुळे आर्टिकलशिपची वर्षे घर चालते. १४ वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सेवेतून आलेल्या वैमानिकाला निवृत्तिवेतन नसते. घरी मुलांचे शिक्षण आणि गृहकर्जाचे हप्ते चालू असतील, तर त्याने एक वर्षाचा अभ्यासक्रम घ्यावा आणि मुलाखतीत वित्त विभागाखेरीज अन्य काही स्वीकारणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगावे. ज्यांना निवृत्तिवेतन आहे, त्यांनी पदवीचे गुण तपासून पाहावेत: अन्य शाखांच्या पदवीधराला ६० टक्के असल्यास फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएट या पुढच्या परीक्षेला नोंदणी करता येते आणि प्रबोधिनीत मिळणारी जेएनयूची (जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची) पदवी त्यासाठी चालते. शेवटच्या नेमणुकीत संध्याकाळी वेळ मिळत असेल, तर रीतसर परवानगी घेऊन इंटरमीजिएटचे दोन्ही गट तेथेच उरकावेत.