उत्तराच्या चौकटीत न मावणारी प्रार्थना : एका प्रार्थना-वहीविषयी

गेले वर्षभर मी रोज पहाटे एकाच वहीत प्रार्थना लिहीत आले. दर दिवसाला एक पान, पानाच्या माथ्यावर पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, एक वचन, त्याखाली ‘आभार’, ‘विनंती’, ‘मनन’ आणि ‘उत्तर’ अशा चार चौकटी, आणि महिनाअखेरीस उत्तर मिळालेल्या प्रार्थनांची संख्या मांडण्यासाठी एक तक्ता, अशी तिची रचना आहे. हे वर्ष आमच्या घरात अनिश्चिततेचे होते. यजमानांच्या हातापायांतली शक्ती हळूहळू कमी होत होती आणि तपासण्यांमागून तपासण्या होऊनही आजाराला नाव मिळत नव्हते. त्यामुळे ही वही मी सवड काढून वापरली असे नाही, तिच्यावर अक्षरशः टेकून मी ते दिवस काढले, आणि तिचे गुणदोष मला त्या टेकण्यातूनच कळले.

वहीची बांधणी उत्तम आहे. ती कोणत्याही पानावर सपाट उघडी राहते, त्यामुळे दवाखान्याच्या बाकावर मांडीवर ठेवूनही लिहिता येते. कागद मात्र शाईच्या पेनाला सोसत नाही, अक्षरे मागच्या पानावर उमटतात, बॉलपेन वापरावे.

तिचा खरा उपयोग मला पाच-सहा महिन्यांनी मागची पाने चाळताना उमगला. सुरुवातीच्या पानांवर ‘विनंती’च्या चौकटीत ठसठशीत अक्षरांत ‘प्रभू, यांना पूर्ण बरे कर’ असे लिहिलेले आहे. पुढे ते ‘निदान तरी कळू दे’ असे होते, आणि त्याहून पुढे एका पानावर कशाबशा काढलेल्या अक्षरांत ‘आज रात्री यांना चार तास झोप लागू दे’ एवढेच आहे. लिहिताना मला वाटे की माझा विश्वास उणा होत चालला आहे. सलग वाचल्यावर दिसले ते वेगळेच होते: मी दूरच्या भविष्याची हमी मागणे सोडून त्या त्या दिवसाची भाकर मागायला शिकत होते, जसे प्रभूने आपल्या शिष्यांना शिकवले होते. तोंडी प्रार्थनेत हे ध्यानात आले नसते, आणि हे दाखवल्याबद्दल मी या वहीची मनापासून ऋणी आहे.

माझी मुख्य तक्रार ‘उत्तर’ या चौकटीविषयी आहे. तिथे ‘होय’, ‘नाही’ आणि ‘थांब’ असे तीन लहान चौकोन छापलेले असून त्यांपैकी एकावर खूण करायची असते. देव या तीनच प्रकारे उत्तर देतो असे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुष्कळदा सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच असतो. परंतु ‘थांब’वर खूण करायची तर ‘थांब’ हा शब्द ऐकू तरी आलेला असावा लागतो, आणि मला कितीतरी आठवडे काहीच ऐकू आले नाही. शिवाय येशूचा प्रेषित पौल याला जे उत्तर मिळाले ते या तिन्हींपैकी कोणत्या चौकोनात बसवायचे? शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी एक व्यथा, दूर व्हावी म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि त्याला ऐकू आले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे शब्द. मागितलेली गोष्ट मिळाली नाही, आणि तरीही याला नुसता नकार म्हणता येत नाही, कारण त्या शब्दांतून बोलणारा प्रभू स्वतःच पौलाजवळ उभा राहिला. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेविषयी तर असा प्रश्न विचारायलाही जीव धजत नाही.

महिनाअखेरचा तक्ता मला याहूनही अधिक जाचला. जुलैच्या तक्त्यात मी शून्य लिहिले आणि नंतर तासभर वही मिटून बसून राहिले. इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये अनाथ मुलांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्युलर आपल्या प्रार्थनांची काटेकोर नोंद ठेवत. त्यांनी १८४४ च्या नोव्हेंबरात पाच व्यक्तींच्या तारणासाठी प्रार्थना सुरू केली. पहिली व्यक्ती दीड वर्षाने प्रभूकडे वळली, दुसरी पाच वर्षांनी, तिसरी आणखी सहा वर्षांनी, आणि उरलेल्या दोघांविषयी त्यांनी लिहिले तेव्हा छत्तीस वर्षे होत आली होती आणि ते दोघे अजून वळलेले नव्हते. अशा माणसाच्या महिन्याच्या तक्त्यात त्या ओळीपुढे काय लिहिले गेले असते? नोंद ठेवणे वेगळे आणि देवाशी हिशेब मांडणे वेगळे, हा भेद वही तयार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवा होता.

वचनांची निवडही एकांगी आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले हिताच्या संकल्पांचे अकरावे वचन वर्षभरात चार वेळा येते, परंतु त्याच्या लगेच आधीचे, बाबेलातली सत्तर वर्षे भरल्यावरच परत आणीन असे सांगणारे दहावे वचन एकदाही येत नाही. हा अध्याय म्हणजे बाबेलात बंदिवान असलेल्या यहूद्यांना यिर्मयाने पाठवलेले पत्र आहे. ज्यांना ते गेले त्यांच्यापैकी अनेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, आणि तरी त्यांना परक्या नगरात घरे बांधा, मळे लावा, असे सांगितले होते. धीर आहे तो या सगळ्यासकट आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या वचनांचेही तसेच. ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष पावेन’ हा भाग छापला आहे, पण न फुललेले अंजिराचे झाड आणि रिकामे गोठे गाळले आहेत, म्हणजे ‘तरी’ हा शब्द ज्यावर उभा आहे तेच काढून टाकले आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र, जे अंधारातच संपते, ते वहीत कुठेच नाही. तेच स्तोत्र मी सप्टेंबरात रोज वाचत होते. अंधारात केलेली हाकही देवाने आपल्या वचनात जपून ठेवली आहे, एवढ्यावरच तेव्हा माझा विश्वास तगला.

ज्यांनी नुकतीच प्रार्थना लिहायला सुरुवात केली आहे त्यांना ही वही शिस्त लावील, म्हणून त्यांनी ती जरूर घ्यावी. दुखणाईताच्या उशाशी बसलेल्या माणसाला ती भेट देणार असाल, तर मात्र ‘उत्तर’ची चौकट कोरी ठेवली तरी चालते, हे पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून द्यावे.

आमच्या घरी आजाराला अजून नाव मिळालेले नाही. नव्या वर्षासाठी मी हीच वही पुन्हा घेतली आहे. तिच्या जानेवारीच्या तक्त्यावर कोरा कागद चिकटवून त्यावर तेरावे स्तोत्र, त्यातल्या ‘किती काळ’ या प्रश्नासकट, लिहून काढले आहे; सहाच वचने आहेत, पानात नेमकी मावली.