कॅम्परमधले हॅलोजन काढून एलईडी: आठ महिने वापरल्यावर

गाडी फोर्स ट्रॅव्हलर, मागे कॅम्परची बांधणी, राहण्याच्या भागाला १५० अँपिअर-तासांची स्वतंत्र ट्यूब्युलर बॅटरी आणि टपावर सोलर. जुने दिवे असे होते: छतात १० वॅटचे सहा जी-४ (दोन पिनांचे छोटे) हॅलोजन, ओट्यावर ८ वॅटच्या दोन नळ्यांची १२ व्होल्टवाली ट्यूबलाइट, बिछान्याशी वाचायला १० वॅटचे दोन सिंगल पॉइंट बल्ब, गाडीच्या मूळ रूफ लॅम्पमध्ये १० वॅटचे दोन फेस्टून (दोन्ही टोकांना टोपी असलेले लांबट बल्ब) आणि संडासात ५ वॅटचा एक. सगळे मिळून १२१ वॅट, म्हणजे बॅटरीतून साधारण १० अँपिअर. आता तेच सगळे दिवे एकदम लावले तर २५ वॅट, २ अँपिअरच्या जरा वर.

पण सगळे दिवे एकदम कोणीच लावत नाही, म्हणून रोजच्या संध्याकाळचा हिशेब खरा. छतातले चार दिवे चार तास, ओट्यावरचा दीड तास, वाचायचे दोन्ही दीड तास. हॅलोजनवर हे २१४ वॅट-तास व्हायचे, जवळपास १८ अँपिअर-तास. एलईडीवर ४६ वॅट-तास, म्हणजे ४ अँपिअर-तासांच्या आत. ट्यूब्युलर बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही असं धरलं तर हाताशी ७५ अँपिअर-तास असतात. त्यातला चौथा हिस्सा निव्वळ दिवे खात होते. पावसाळ्यात सोलर चार-चार दिवस नावालाच चार्ज देतो, तेव्हा हा फरक ठळक जाणवतो. उन्हाळ्यात मात्र तो फ्रिजच्या खर्चात बुडून जातो. कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल आणि बॅटरी पुरत नसेल, तर दिवे बदलून तो प्रश्न सुटणार नाही, हे आधीच समजून घ्यावं.

बल्ब घेताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाकिटावर नीट लिहिलेली नसते. गाडीतले १२ व्होल्ट कधीच १२ नसतात. बॅटरी पूर्ण भरून निवांत असेल तर १२.६ ते १२.७. इंजिन चालू असताना किंवा २३० व्होल्टचा चार्जर जोडलेला असताना १४.४ पर्यंत. सोलर कंट्रोलर ट्यूब्युलरच्या सेटिंगवर असेल तर कधी त्याच्याही वर. स्वस्त एलईडीत तीन-तीन एलईडींची माळ आणि तिच्यापुढे एक रेझिस्टर, एवढंच असतं. तीन एलईडी मिळून ९ व्होल्टच्या आसपास घेतात, उरलेले ३ रेझिस्टरवर पडतात. पुरवठा १४.४ झाला की रेझिस्टरवर ५ च्या वर पडतात. प्रवाह दीडपटीहून जास्त होतो आणि रेझिस्टरची उष्णता अडीच-तीनपट. असा बल्ब दुकानात टेबलावर झकास पेटतो आणि गाडीत दोन-तीन महिन्यांत आधी फुरफुरतो, मग मंद होतो, मग जातो. ड्रायव्हर (व्होल्ट बदलले तरी उजेड तोच राखणारं छोटं सर्किट) असलेला, १० ते ३० व्होल्ट चालणारा बल्ब दुप्पट-तिप्पट किमतीला पडतो. तोच घ्यावा.

पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका, तपासून घ्या. बल्बच्या ओळीत मल्टिमीटर अँपिअरवर लावा (लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल). इंजिन बंद ठेवून एकदा मोजा, मग इंजिन चालू करून मोजा. ड्रायव्हरवाला २ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला १७० मिलिअँपिअर घेतो आणि १४.४ ला उतरून १४० वर येतो, कारण वॅट तेच राखायचे तर प्रवाह कमीच व्हायला हवा. रेझिस्टरवाल्याचा आकडा उलटा चढतो, १७० चा २६०-२७० होतो. चढला तर परत करा.

आता एकेक दिवा.

जी-४ च्या जागी २ वॅटच्या, मागे पिना असलेल्या गोल चकत्या बसवल्या. घेताना पिना मागे आहेत की बाजूला ते बघा, उथळ डाउनलाइटमध्ये चुकीची चकती बसतच नाही. उजेड १० वॅटच्या हॅलोजनपेक्षा थोडा जास्तच आहे. आठ महिन्यांत सहापैकी एकही गेला नाही. त्रास दिला तो पिनांनी. हॅलोजनच्या जी-४ पिना साधारण ०.७ मिलिमीटर जाड असतात, बऱ्याच एलईडींच्या त्याहून बारीक. वर्षानुवर्षं हॅलोजनच्या उष्णतेनं सॉकेटमधल्या पत्त्या सैल पडलेल्या असतात. मग घाटातल्या खड्ड्यांत दिवा लुकलुकायला लागतो आणि बल्ब खराब समजून लोक फेकून देतात. मेन फ्यूज काढून बारीक स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पत्ती आत दाबा. तरीही सैल लागलं तर सॉकेटच बदला. सॉकेट काळवंडलेलं असेल तर दाबत बसू नका, सरळ बदला. मालवण-तारकर्लीच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीत पत्त्यांवर हिरवट थर धरतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक पॉलिश पेपरनं काढल्याशिवाय नवा बल्ब घालू नये.

वाचायच्या दिव्यांत एक धोका आहे. सिंगल पॉइंट बल्बची टोपी ऋण आणि तळाचा ठिपका धन असं धरलेलं असतं. हॅलोजन किंवा साधा बल्ब उलटाही चालतो, त्यामुळे बांधणी करणाऱ्यानं वायर उलट्या जोडल्या असतील तर आजवर कळलेलंच नसतं. एलईडी मात्र पेटत नाही. वायर अदलाबदल करण्याआधी बघा की दिव्याची धातूची बॉडी गाडीच्या पत्र्याला टेकते का. आधीच टेकत असती तर उलट्या जोडणीत फ्यूज गेलाच असता, त्यामुळे बहुधा ती लाकडावर बसवलेली असते. तरी मल्टिमीटरनं कंटिन्युइटी (बॉडी आणि पत्रा जोडलेले आहेत का) तपासूनच पुढे जा. बीए-१५-एस आणि बीए-१५-डी हे बल्बच्या टोपीचे प्रकार एकमेकांसारखे दिसतात. तळाला एक ठिपका म्हणजे एस, दोन म्हणजे डी. जुना बल्ब खिशात घालूनच दुकानात जावं.

फेस्टूनला लांबी लागते: ३१, ३६, ३९, ४१ मिलिमीटर. कॅलिपरनं मोजा, पट्टीनं चुकतं. ‘कॅनबस’ लिहिलेले फेस्टून आतल्या दिव्यांना घेऊ नका. बाहेरच्या दिव्यांचा लोड कॉम्प्युटरला दिसावा म्हणून त्यात जादा रेझिस्टर असतो. इथे तो फक्त तापतो, आणि रूफ लॅम्पचं प्लॅस्टिकचं झाकण बंद असतं. पहिल्या खेपेला बसवलेले असे दोन्ही फेस्टून दहा आठवड्यांत गेले, झाकणही एका जागी पिवळं पडलं.

ट्यूबलाइटचं काम सगळ्यात जास्त. आतलं चोक-सर्किट १२ व्होल्टचे कितीतरी जास्त व्होल्टचे एसी करतं, त्यामुळे त्याच्या पुढे पट्टी जोडली तर पट्टी तत्काळ जळेल. नळ्या, होल्डर आणि ते सर्किट पूर्ण काढा. १२ व्होल्टच्या दोन वायर आणि स्विच तेवढे ठेवा. उरलेल्या खोक्यात ॲल्युमिनिअमची सपाट पट्टी रिव्हेट करून तिच्यावर मीटरला १२० एलईडींच्या पट्टीचे ३० सेंटिमीटरचे दोन तुकडे चिकटवले. ही पट्टी दर तीन एलईडींनी, म्हणजे २५ मिलिमीटरवर कापता येते, आणि कापायची ती तांब्याच्या ठिपक्यांच्या मधोमध. मीटरला ९.६ वॅट, म्हणून ६० सेंटिमीटरला ५.८. पट्टीत ड्रायव्हर नसतो, म्हणून तिच्या आधी स्थिर १२ व्होल्ट देणारा छोटा बक-बूस्ट कन्व्हर्टर हवाच, आणि तो स्विचच्या पुढे. आधी लावला तर दिवा बंद असतानाही रात्रंदिवस २०-३० मिलिअँपिअर ओढत राहतो.

पट्टीचा मागचा चिकट टेप ओट्यावर टिकत नाही. फोडणीची वाफ आणि तेलाचा थर यांनी तिसऱ्या महिन्यात एक टोक लोंबकळलं. आता दोन्ही टोकांना आणि मध्ये न्यूट्रल क्यूअर सिलिकॉनचा ठिपका आहे. आंबट वासाचं सिलिकॉन तांब्याला खातं, ते वापरू नका.

रंगाबद्दल ठाम मत: ६५०० केल्व्हिनचा पांढरा शुभ्र दिवा कॅम्परमध्ये लावू नका. एवढ्याशा जागेत तो दवाखान्यासारखा वाटतो, आणि पावसाळ्यात दारातून किडे जास्त ओढतो. बसायच्या जागी ३०००, ओट्यावर ४०००. ओट्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वरचाच घ्या. ७०-८० च्या उजेडात कांदा तांबूस झाला की करपायला लागला ते कळत नाही, आणि हळद-तिखटाची भाजी राखाडी दिसते. या एका जागी जादा पैसे मोजावेत.

ड्रायव्हरवाल्या बल्बला डिमर लावू नका. डिमर पुरवठा भराभर तोडतो-जोडतो, त्यात ड्रायव्हर गोंधळतो आणि दिवा थरथरतो. मंद उजेड हवा असेल तर दोन बल्ब वेगळ्या स्विचवर घ्या. स्विचमध्येच छोटा खुणेचा दिवा असेल तर बंद केल्यावरही एलईडी अंधूक पेटत राहू शकतो, तिथे साधा स्विच बसवा. एफएमवर खरखर आली तर ड्रायव्हरचा दोष. दूरचं, क्षीण स्टेशन लावून एकेक दिवा चालू करत जा म्हणजे दोषी सापडतो. त्याच्या दोन्ही वायर एकत्र धरून क्लिपच्या फेराइटमधून (खरखर अडवणारी काळी कडी) तीन-चार वेढे द्या. तरी गेली नाही तर दुसऱ्या कंपनीचा बल्ब घ्या.

वायरिंगला आराम पडला. बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत ६ मीटर, १.५ चौरस मिलिमीटरची वायर, येऊन-जाऊन ०.१४५ ओहम. १० अँपिअरला दीड व्होल्टची गळती होती, म्हणूनच मागचे हॅलोजन पिवळे दिसायचे. २ अँपिअरला ती ०.३ व्होल्ट. दिव्यांच्या सर्किटचा १० अँपिअरचा फ्यूज काढून ५ चा घातला. जोड क्रिम्प करून श्रिंक ट्यूबखाली घेतले, कारण नुसता झाळलेला जोड गाडीच्या हादऱ्यांनी झाळेच्या कडेला तुटतो.

आणि एक तोटा, जो कोणी सांगत नाही. बॅटरी उतरायला लागली की हॅलोजन पिवळा, मग तांबडा व्हायचा, न बघता कळायचं. ड्रायव्हरवाला एलईडी १०-११ व्होल्टपर्यंत तसाच लख्ख जळतो आणि बॅटरी मेलेली असते. म्हणून दाराशी व्होल्टमीटर बसवा आणि ११.८ ला तोडणारा लो-व्होल्टेज कटऑफही. निवांत बॅटरी १२.१ दाखवत असेल तर ती निम्मी झाली असं समजा.

सुट्या भागांत दोन जी-४, एक फेस्टून, पाचचे चार फ्यूज, आणि एक जुना १० वॅटचा हॅलोजन वायर लावून ठेवा. गंजलेल्या जोडातूनही एलईडी मजेत पेटतो, मीटरही पूर्ण व्होल्ट दाखवतो. त्याच टोकाला हॅलोजन टेकवला की तो मिणमिणतो, आणि गंज कुठल्या जोडात आहे ते तिथेच कळतं.