दरमहा ऑटोपे की वार्षिक वर्गणी?

जाहिरातींवर विसंबून न राहता वाचकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या एखाद्या मराठी नियतकालिकाला हातभार लावायचे ठरवले, की पैसे भरतानाच विचारणा होते: दरमहा की वार्षिक? ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी मागच्या आठवड्यात मला हेच विचारले. एकाच नियतकालिकासाठी मी दोन्ही मार्ग वापरलेले आहेत, आधी सुमारे अडीच वर्षे दरमहा ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप होणारी कपात, आणि आता सलग दुसऱ्या वर्षी एकरकमी वर्गणी. त्यामुळे फोनवर घाईत दिलेले उत्तर इथे जरा सविस्तर मांडतो.

दरमहा पद्धतीची बाजू आधी घेतो, कारण मी स्वतः तिथूनच सुरुवात केली. माझे महिन्याला दीडशे रुपये जात असत. दोघांनी बाहेर मिसळ खाल्ली तरी जवळपास तेवढेच होतात, आणि एवढ्या रकमेसाठी घरात कुणाला विचारावे लागत नाही. अंक आवडेनासा झाला तर पुढच्या महिन्यापासून थांबता येते, ही मोकळीक नव्या वाचकाला फार मोलाची वाटते. आपल्या खात्यातून कुणीतरी परस्पर पैसे काढत राहील ही भीतीही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती कपातीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आणि तेव्हापासून पहिली संमती ओटीपीने द्यावी लागते, तर पुढच्या प्रत्येक कपातीआधी किमान चोवीस तास बँकेचा संदेश यावा लागतो. ओटीपीशिवाय होणाऱ्या कपातीची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० करण्यात आली, म्हणजे वर्गणीसारख्या किरकोळ रकमा त्यात आरामात बसतात. जुलै २०२० पासून यूपीआयवरही ऑटोपेची सोय आहे आणि ती फोनमधूनच थांबवता येते.

नियतकालिक चालवणाऱ्यांनाही दरमहा येणारा पैसा सोयीचा पडत असावा, कारण मानधने, भाडे आणि पगार हे सगळे महिन्याच्या हिशेबानेच द्यावे लागतात. या मुद्द्यावर दरमहा पद्धतीचे पारडे जड आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो.

माझे मत फिरले ते एका साध्या गोष्टीमुळे. माझ्या डेबिट कार्डाची मुदत संपली आणि नवे कार्ड कुरिअरने आले. सोसायटीच्या वॉचमनने ते संध्याकाळी हातात दिले, मी जुने कार्ड कात्रीने चार तुकडे करून कचऱ्यात टाकले, नवे पाकिटात ठेवले आणि विसरून गेलो. ऑटोपे जुन्या कार्डाला जोडलेला होता हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही. पुढच्या महिन्यात कपात झाली नाही आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांतही झाली नाही. बँकेचा संदेश कपातीच्या आधी येतो, कपातच व्हायची नसेल तेव्हा मात्र काही येत नाही, आणि न आलेला संदेश कुणाच्या लक्षात राहतो? अंक मात्र नेहमीसारखा सर्वांसाठी खुला असल्याने मी तो वाचत होतो आणि आपण अजूनही वर्गणीदार आहोत अशाच समजुतीत होतो.

हा प्रकार उघड झाला तो एका संध्याकाळी तलावपाळीला फेरफटका मारताना. त्याच नियतकालिकाचे जुने वर्गणीदार असलेले एक गृहस्थ भेटले आणि त्यांनी सहज विचारले, "काय हो, तुम्ही मेळाव्याला दिसला नाहीत?" कसला मेळावा, हेच मला ठाऊक नव्हते. हे नियतकालिक दर महिन्याला वर्गणीदारांना एक पत्र पाठवते. कोणते सदर बंद होत आहे, कोण नव्याने लिहू लागले आहे, अंकाच्या रचनेत काय बदल होणार आहे, वाचकांपैकी कुणाचे पुस्तक आले, कोण गेले, हे सगळे त्यात असते. खरे सांगायचे तर कित्येक महिने मी अंकाआधी हे पत्रच उघडत असे. ते तीन महिने मला आले नव्हते आणि तेही मला जाणवले नव्हते. त्या काळात संपादक मंडळात बदल झाला होता, माझे आवडते सदर थांबले होते आणि ज्यांच्याशी माझा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता असे एक वयोवृद्ध वाचक निवर्तले होते. मला या तिन्ही बातम्या तलावपाळीच्या कठड्यापाशी उभ्या उभ्या कळल्या.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाई अतिशय सौजन्याने बोलल्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुम्ही थांबवलंत. लोक थांबवतात, मग कारण विचारायला बरं वाटत नाही हो." मी यात त्यांना दोष देत नाही. पण दरमहा पद्धतीतली खरी अडचण मला त्या वाक्यात सापडली. त्यांच्या यादीत विचारपूर्वक निघून गेलेला वाचक आणि कार्ड बदलल्यामुळे गळलेला वाचक हे दोघे सारखेच दिसतात. त्यांनी संकोचाने विचारले नाही, मी अजाणतेपणी सांगितले नाही आणि अडीच वर्षांचा संबंध कुणाच्याही इच्छेविना तुटला.

वार्षिक वर्गणीत ही गल्लत होत नाही, कारण तिला ठरलेला शेवट असतो आणि तो दोन्ही बाजूंना माहीत असतो. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी मला पत्र येते, न भरल्यास आठवण येते, आणि गेल्या वर्षी तर त्याच बाईंचा फोन आला होता. वर्गणी संपली आहे असे सांगायला कुणालाच संकोच वाटत नाही. माझे वडील नौपाड्यात राहत असताना वर्गणी मनिऑर्डरने पाठवत, फॉर्मवरच्या निरोपाच्या जागेत संपादकांना दोन ओळी लिहीत आणि सहीची पोचपावती परत आली की ती डायरीत जपून ठेवत. त्या व्यवहारात वर्षातून एकदा का होईना, एकमेकांची विचारपूस होत असे. वार्षिक वर्गणीत त्यातले थोडे अजून शिल्लक आहे असे मला वाटते, मात्र हा माझ्या वयाचाही परिणाम असू शकेल.

बदलांच्या बाबतीतही वार्षिक वर्गणीदार तुलनेने निर्धास्त राहतो. वर्षाच्या मध्यात दर वाढले तरी त्याची मुदत संपेपर्यंत त्याला ते लागू होत नाहीत, आणि वाढीची माहिती नूतनीकरणाच्या पत्रातच मिळते. दरमहा देणाऱ्याने बहुधा ठरावीक रकमेला संमती दिलेली असते, त्यामुळे रक्कम वाढली की संमती नव्याने द्यावी लागते. नियतकालिकाने पैसे स्वीकारणारी कंपनी बदलली तरी पुष्कळदा हेच करावे लागते. हे कळवणारे पत्र नजरेतून सुटले की पुन्हा माझ्यासारखी गत होते.

वार्षिक वर्गणीचे तोटे लपवण्याचे कारण नाही. पैसे आधी जातात, आणि नियतकालिक मध्येच बंद पडले तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील या भरवशावर मी तरी राहणार नाही. हजार-दीड हजार रुपये एकदम काढताना हात थोडा आखडतो, विशेषतः जूनमध्ये, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च समोर असताना. शिवाय चार अंकांतच कंटाळा आला तर वर्षभर चुटपुट लागून राहते.

म्हणून त्या स्नेह्यांना मी असे सुचवले, की नियतकालिक अजून नवखे वाटत असेल तर तीन-चार महिने दरमहा द्यावेत, पत्रे वाचावीत आणि या मंडळींशी आपले जमते का ते पाहावे. जमले तर दरमहाची व्यवस्था स्वतःहून थांबवून वार्षिक वर्गणी भरावी. दरमहाच ठेवायचे असेल तर कार्डाऐवजी यूपीआय ऑटोपे लावावा, कारण कार्डाची मुदत संपण्याचा प्रश्न तिथे येत नाही. बँक खाते बदलले तर मात्र तोही नव्याने लावावा लागतो. आमच्याच मजल्यावरच्या काकांची दरमहा कपात गेली कित्येक वर्षे विनातक्रार चालू आहे, हेही मी त्यांच्या कानावर घातले.

माझी मुदत पाडव्याच्या सुमारास संपते. जूनच्या खर्चापासून ती लांब राहावी म्हणून मी तो मुहूर्त मुद्दाम निवडला आहे आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, तिची नोंद करून ठेवली आहे. स्नेह्यांनी सगळे ऐकून घेतले, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "बरं, पण त्या बाईंचा फोन नक्की येतो ना?"