सात महिने गाडीतल्या इन्व्हर्टरचे, आणि त्या पीं-पींचे

गेल्या रविवारी जत तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानात पाच जणांनी माझी वॅगन आर ढकलली. त्यातल्या दोघांना लांबचं धड दिसत नाही हे मला अर्ध्या तासापूर्वीच कळलं होतं, त्यांचे नंबर मीच काढले होते. गाडी कुंपणाच्या चार हात अलीकडे सुरू झाली. घरी आल्यावर गाडीतल्या इन्व्हर्टरचा हा अनुभव एकदाचा लिहून संपवायचं ठरवलं. अर्धा आधीच लिहून ठेवला होता, तो जसाच्या तसा देतो.

मार्चमध्ये लिहिलेलं

माझं चष्म्याचं दुकान आहे. महिन्यातले तीन-चार रविवार गावोगावी तपासणीला जातो. कंप्युटरवर नंबर काढायचं मशीन, लॅपटॉप आणि तक्त्यामागचा दिवा मिळून १५० वॅटच्या आसपास जातात. गावात लाईटचा भरवसा नाही, म्हणून डिसेंबरात ३०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतला, म्हणजे गाडीच्या बॅटरीच्या बारा व्होल्टची घरच्यासारखी सुरळीत २३० व्होल्टची वीज करून देणारा. ६,२०० रुपये. त्याआधी लायटरच्या सॉकेटात लावायचा स्वस्तातला होता, त्यावर मशीन भुंग्यासारखं गुणगुणायचं. शिवाय त्या सॉकेटाचा फ्यूज १५ अँपिअरचा, म्हणजे १५० वॅटला तो काठावरच. तो इन्व्हर्टर मेव्हण्याला देऊन टाकला.

नवा थेट बॅटरीवरून वायर ओढून बसवला. डिकीत सीएनजीची टाकी आहे, तिथे हे असलं काही नको म्हणून शेजारच्या सीटखाली. बसवणावळ ५०० रुपये. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्याच्या आवाजाची. बॅटरी उतरली की सूचना म्हणून हा वाजतो. वाजतो म्हणजे कानात दाभण घातल्यासारखा, थांबायचं नाव नाही. लोड लावून वीस मिनिटं झाली की पीं-पीं सुरू. आमच्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून आतल्या रंगीत फुग्याकडे एकटक बघायचं असतं. आजीबाईंना दहा वेळा सांगून कशीबशी मान स्थिर होते, तेवढ्यात पीं! आजी डोकं वर काढून विचारतात, "कुणाचा फोन वाजतोय रं?" एका आजींचा नंबर तीन वेळा घेतला, तिन्ही वेळा वेगळा आला. ज्यानं हा आवाज निवडला त्याला माझ्या शिबिरात दिवसभर बसवायला हवं.

हेल्पलाइनला पाच फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि जुनं उत्तर, "सर, बॅटरी वीक आहे." दुकानदारही तेच म्हणाला. शेवटी ४,३०० ची नवी ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी टाकली, जुनी ६०० ला एक्स्चेंजमध्ये दिली. पुढच्या रविवारी बाविसाव्या मिनिटाला पीं. दोन मिनिटांसाठी ३,७०० रुपये. मग इन्व्हर्टर सर्व्हिसला धाडला, तो तीन आठवड्यांनी "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी घेऊन परत आला. कुरिअरचे २८० माझेच.

उघडून त्या बझरवर चिकटपट्टी लावणार होतो. पण सील तोडलं तर उरलेली वॉरंटी जाते, म्हणून हात आवरला. पाचपैकी एक तारा. तोही प्युअर साइन वेव्हसाठी.

जुलैमध्ये

वरचं सगळं खरं आहे, फक्त शिव्या चुकीच्या माणसाला दिल्या.

एप्रिलमध्ये एका शिबिरात मोटार रिवाइंडिंग करणारे एक काका जवळच्या नंबरासाठी आले. नंबर काढता काढता पीं सुरू झालं. मी नेहमीप्रमाणे इन्व्हर्टरचा उद्धार केला. काका उठले, स्कूटरच्या डिकीतून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर आणला आणि म्हणाले, "डॉक्टर, ते मशीन चालूच ऱ्हाऊ दे, बंद करू नगा." (मी डॉक्टर नाही, पण गावात कोण ऐकतंय!) आधी बॅटरीच्या टोकांवर मीटर लावलं, ११.९ व्होल्ट. मग सीटखाली इन्व्हर्टरच्या टोकांवर, १०.७.

"बॅटरीपाशी बारा, हितं पावणेअकरा. मधलं कुणी खाल्लं?"

खाल्लं होतं वायरीनं. बसवणाऱ्यानं घरच्या फिटिंगची दीड एमएम (म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर) वायर ओढली होती आणि बॉनेटमध्ये पिळून, वर काळी टेप गुंडाळून जोड दिला होता. १५० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पाऊण अँपिअरसुद्धा नाही, तिथे दीड एमएम उदंड झाली. पण बारा व्होल्टला तेच काम करायला १४-१५ अँपिअर खेचावे लागतात. अडीच मीटर जायची आणि अडीच यायची, अशा पाच मीटर बारीक तांब्यात जवळपास एक व्होल्ट नुसता वायर गरम करण्यात जातो, उरलेला त्या पिळलेल्या जोडात. इन्व्हर्टरला पावणेअकरा दिसले, तो बोंबलला. म्हणजे तीन महिने गाडीत एकटा तोच खरं बोलत होता, आणि मी त्याला कुरिअरनं हिंडवत होतो.

त्याहून वाईट म्हणजे बॅटरीपाशी फ्यूजच नव्हता. बॉनेटमधून आत येताना वायर पत्र्याच्या कडेवर घासत होती. साल निघालं असतं तर काय झालं असतं याचा विचार सीएनजीवाल्यानं रात्री करू नये.

काकांनी सांगितलं तसं सगळं बदललं: १० एमएमची मल्टिस्ट्रँड (बऱ्याच बारीक तारांची) तांब्याची वायर, टोकांना क्रिंप केलेले, म्हणजे दाबून घट्ट बसवलेले लग, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज, पत्र्याच्या भोकात वायर घासू नये म्हणून रबरी कडं (ग्रोमेट). सगळे मिळून १,१५० रुपये. आता दोन टोकांतला फरक ०.२ व्होल्टच्या आत आहे आणि पीं पन्नास मिनिटांवर गेलीय. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर बॅटरीचे पैसे वाचले असते. जुनी बॅटरी ठणठणीत होती. ६०० ला दिली. हे लिहितानाही पोटात कालवतं. काकांनी पैसे घेतले नाहीत, त्यांना चष्मा खरेदीच्या भावात दिला. (फ्रेमवर नाही, फक्त काचांवर.)

काकांचा आणखी एक सल्ला: बारा व्होल्टची वायर आखूड ठेवायची, २३० ची हवी तेवढी लांबवायची. त्यामुळे आता गाडी व्हरांड्याला चिकटवून लावायची गरज नाही. वीस मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड, गाडी लिंबाखाली, इन्व्हर्टर गाडीत. आजींना पीं ऐकू येत नाही. मला वाटलं, जिंकलो.

मलाही ऐकू येत नव्हतं हे गेल्या रविवारी कळलं. काचा बंद, गर्दी भरपूर, मी सव्वा तास इंजिन न लावता तपासत राहिलो. तो बिचारा सीटखाली ओरडून ओरडून १० व्होल्टला आपोआप बंद पडला. पण बंद पडतो तो स्वतःला वाचवायला. तोवर बॅटरीत स्टार्टर फिरवायला काही उरलेलं नसतं. गाडीची बॅटरी इंजिनाला एक जोरदार झटका द्यायला बनलेली असते, तासन्‌तास हळूहळू पाझरायला नाही. अशी चार-सहा वेळा तळाला गेली की ती लवकर म्हातारी होते, आणि ही तर ४,३०० ची आहे.

आता पाऊण तास झाला की वीस मिनिटं इंजिन चालू ठेवतो, धूर व्हरांड्याकडे येणार नाही अशा बेतानं गाडी उभी करून. निघताना इन्व्हर्टरचं बटण आठवणीनं बंद. काही लोड नसतानाही तो अर्धा अँपिअर पितो, रात्रभर राहिला तर पाच-सहा एएच गेलेच.

तीन तारे करतो. चौथा दिला असता, पण आवाज अजूनही भिकार आहे. त्यानंतरच्या शिबिरात शिपाईमामांच्या नातवाला काच खाली करून गाडीत बसवलं होतं. पीं झाली की पळत येऊन सांगायचं, बदल्यात पाच रुपयांचा बिस्किटपुडा. पोरगा दोनदा आला. दुसऱ्यांदा खोटं बोलून.